रुग्णशय्येपाशी त्रिविध तप

तप हा शब्द ऐकताच अरण्य, उपवास आणि पंचाग्निसाधन यांचे चित्र मनापुढे उभे राहते आणि गृहस्थाला वाटते की, हा मार्ग आपला नव्हे. परंतु श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे जे वर्णन केले आहे, त्यात अरण्याचा उल्लेखही नाही. देहाला व्यर्थ पीडा देणाऱ्या घोर तपाचा तर त्यांनी निषेधच केला आहे. शारीर, वाङ्मय आणि मानस असे तपाचे तीन भेद सांगून शारीर तपात त्यांनी गुरुजनांच्या पूजनाला स्थान दिले. आणि गुरुजनांत माता-पिता येतातच. यास्तव वृद्ध पिता रुग्णशय्येवर असता पुत्राला तपोभूमी शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही.

छत्तीसगडातील रायपूरचे उदाहरण घेऊ. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपुरास राज्य करू लागले, तेव्हापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली. १९५६ पर्यंत रायपूर व विदर्भ हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होते, त्यामुळे हे नाते अधिकच दृढ झाले. आज अशा घरांतील अनेक मुले नोकरीनिमित्त दूर असतात. अशाच एका घरातील ऐंशी वर्षांचे वडील न्हाणीघरात घसरून पडले व खुब्याचे हाड मोडले, असे समजू. थोरला मुलगा व सून रायपुरातच आहेत. धाकटा पुण्याहून आणि मुलगी नागपूरहून धावत आली. उपचारांची सोय नगरात आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे, ‘मेकाहारा’ या नावाने ओळखले जाणारे मोठे रुग्णालय आहे. टाटीबंध येथे २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही आहे. शस्त्रक्रिया डॉक्टर करतील. त्यानंतरच्या दीर्घ दिवसांत घरच्या माणसांचे तप सुरू होते.

प्रथम शारीर तप. वडिलांना हलवू नये, निवांत पडू द्यावे, असे ममतेला वाटते. परंतु वृद्ध देह एकाच स्थितीत पडून राहिला, तर पाठीला व टाचांना जखमा पडतात, फुप्फुसांत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून डॉक्टर पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून बसवितात व आधार देऊन उभे करतात. त्या वेळी वडील कण्हतात; तरी परिचारिकेच्या सांगण्याप्रमाणे त्यांना धीर देऊन उठविणे हीच खरी दया होय. कूस वेळेवर बदलणे, हात धुऊनच स्पर्श करणे, पचेल असे वरण, भात, दूध डॉक्टरांना विचारून देणे, ही सारी या पूजेची अंगे आहेत. मलमूत्राचे भांडे देताना आधी पडदा ओढावा, मगच पांघरूण सारावे. ज्या पुरुषाने जन्मभर स्वतःचे सर्व स्वतः केले, त्याची लाज राखणे हेही पूजनच आहे. सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की, मनुष्याने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा. म्हणून वडिलांना जो घास स्वतः घेता येईल, तो त्यांना घेऊ द्यावा, मग वेळ कितीही लागो.

दुसरे वाङ्मय तप. जे उद्वेग करीत नाही, जे सत्य, प्रिय आणि हितकर आहे, असे बोलणे हे ते तप होय. त्याची कसोटी बहुधा रात्री लागते. वडील मध्येच उठू पाहतात, मुलाला ओळखत नाहीत, ‘कचेरीला उशीर झाला’ म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना असा भ्रम होणे विरळा नाही. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, काही औषधे व जागरण ही त्याची कारणे असू शकतात. हे त्वरित डॉक्टरांना सांगावे. वडिलांशी वाद घालू नये, हसूही नये. ‘बाबा, तुम्ही रुग्णालयात आहात, मी जवळच आहे,’ एवढे शांतपणे म्हणावे. चष्मा व कानाचे यंत्र लावून द्यावे, घड्याळ दिसेल असे ठेवावे. ‘घरी केव्हा नेणार?’ या प्रश्नाला ‘उद्याच’ हे उत्तर प्रिय आहे, पण सत्य नाही. ‘डॉक्टरांनी अजून दिवस सांगितला नाही, पण आज तुम्ही दहा पावले चाललात,’ या उत्तरात सत्य, प्रिय आणि हित तिन्ही आहेत. स्वाध्यायही याच तपात येतो. वडिलांची इच्छा असेल, तर त्यांच्या नित्यपाठातील स्तोत्र शेजारच्या रुग्णाला त्रास न होईल अशा हलक्या आवाजात म्हणावे.

तिसरे मानस तप, आणि हेच सर्वांत कठीण. महात्मा गांधींनी आत्मचरित्रात १८८५ मधील पित्याच्या अंतिम आजाराची हकीकत प्रांजळपणे लिहिली आहे. ते जखम बांधीत, औषध देत, रोज रात्री पाय चेपीत. परंतु हात सेवेत असता मन अन्यत्र धावे, आणि अखेरच्या क्षणी ते पित्याजवळ नव्हते. ही खंत त्यांना जन्मभर राहिली. देहाच्या सेवेत मनही असावे लागते, हे त्यातून शिकावे.

भावंडांच्या मनात याच वेळी हिशेब जागा होतो: जागरण कोणी केले, पैसा कोणी दिला. मान व स्तुतीसाठी केलेले तप भगवंतांनी राजस व चंचल म्हटले आहे. उलट कोणी एकट्यानेच सारा भार घेऊन अन्न-निद्रा सोडतो; स्वतःला पीडा देणारे ते तप तामस होय. पुष्कळ घरांत हा भार न बोलता सुनेवर पडतो, आणि पुत्र मात्र पितृभक्त म्हणविला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी बसून रात्री वाटून घ्याव्यात, खर्च ठरवावा, डॉक्टरांशी बोलणारा एक नेमावा. युक्त निद्रा व युक्त आहार हा सेवेकऱ्याचाही धर्म आहे.

या धावपळीत पूजा अंतरली, पारायण खंडित झाले, म्हणून कष्टी होऊ नये. माता-पित्यांची सेवा चालू असता पुंडलिकाने प्रत्यक्ष देवासाठी वीट पुढे केली, आणि देव तिच्यावर उभा राहिला, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. सेवेचे फळ मात्र आपल्या हाती नाही. वडील काठी टेकीत पुन्हा देवघरापर्यंत जातील की अंथरुणावरूनच हात जोडतील, हे भगवंताधीन आहे. दोन्ही प्रसंगी त्यांच्याशेजारी शांत चित्ताने बसणे, एवढे पुत्राधीन आहे.