ऐकू येत नाही, हे सांगायला शिका



आज आम्ही आमचीच गोष्ट सांगतो.

आम्ही शाळेत हेडमास्तर होतो. मागच्या बाकावरची कुजबूजसुद्धा आम्हांला ऐकू यायची. पण निवृत्त झालो आणि हळूहळू कान दगा देऊ लागले. आवाज यायचा, पण शब्द कळत नसे.

एकदा शेजारी ओट्यापाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, म्हैस व्याली." आम्हांला ऐकू आले, "व्याही आले." आम्ही म्हणालो, "वा! त्यांना जेवायला ठेवून घ्या." लोक हसले. आम्हीही हसलो. पण त्या दिवशी घास गोड लागला नाही.

मग आम्ही एक युक्ती काढली. कोणी काही बोलले, की मान हलवायची आणि म्हणायचे, "हो, हो." झाकली मूठ सव्वा लाखाची! घरच्यांनी डॉक्टरचे नाव काढले, की आम्ही रागवत असू.

पण ही झाकली मूठ दुसऱ्याला महाग पडणार होती.

आमच्या साक्षरता वर्गाला एक मावशी येत. त्यांना अक्षरे येऊ लागली होती. मोठे आकडे अजून येत नव्हते. एका रात्री वर्ग सुटताना त्यांनी एक कागद पुढे केला आणि काही विचारले. मंडळी बोलत उठत होती. त्या गलक्यात आम्हांला एकच शब्द कळला, "सही." काय विचारले, ते पुन्हा विचारायची आम्हांला लाज वाटली. आम्ही मान हलवली. "हो, हो. करा सही." मावशींनी मोठ्या हौसेने सही केली.

तो उसन्या पैशांचा कागद होता. मावशींनी घेतले होते २,००० रुपये. त्या विचारत होत्या, "गुरुजी, दोनच हजार लिहिलेत ना? सही करू?" कागदावर होते २०,०००! रात्री नातवाने तो वाचला, म्हणून निभावले. कागद अजून घरातच होता. त्यांनी तो फाडून टाकला.

सकाळी मावशी आमच्या दारी आल्या. आम्ही मान खाली घातली. त्या जवळ बसून सावकाश म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हांला ऐकू येत न्हाई, हे समद्या गावाला ठावं हाय. तुम्हीच तेवढं झाकून ठेवता. आम्ही म्हातारपणी दहा जणांत सांगितलं, आम्हांला वाचता येत न्हाई, शिकवा. आम्हांला लाज वाटली न्हाई व्हय? वाटली. पन आलो ना?"

चाळीस वर्षे आम्ही शिकवले. त्या दिवशी आम्ही शिकलो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कानात मळ आहे का ते पाहिले. कधी कधी नुसत्या मळानेही कमी ऐकू येते. मग यंत्राने तपासणी केली. ते म्हणाले, "कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. वय झाले, की त्या झिजतात. त्या पुन्हा येत नाहीत. कानात तेल घालून उपयोग नाही. बारीक आवाज आधी जातात. म्हणून बायकामुलांचे बोलणे कळत नाही."

आम्ही कानाला यंत्र लावले. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाजही सोसेना. यंत्र सगळेच आवाज मोठे करते. सवय व्हायला काही आठवडे लागले. कान पहिल्यासारखे झाले नाहीत. होणारही नाहीत. हे आम्ही आता मानले आहे.

आता आम्ही वर्गात आधीच सांगतो, "आम्हांला कमी ऐकू येते. आमच्यासमोर बसा. उजेडात बसा, म्हणजे ओठ दिसतील. ओरडू नका, सावकाश बोला. एका वेळी एकानेच बोला." आता कोणी हसत नाही. उलट, कोणी घाईने बोलले, तर मावशीच त्याला थांबवतात.

मदत मागायची, तर अशी नेमकी मागावी. "मला मदत करा," एवढे म्हटले, तर लोकांना काय करावे ते कळत नाही.

सरकारची मदत मागण्यातही कमीपणा नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात २१ प्रकारचे दोष सांगितले आहेत. डोळ्यांचा, हातापायांचा, कानांचा दोष त्यांत येतो. सरकारी रुग्णालयात तपासणी करून दाखला देतात. दोष ४० टक्के किंवा जास्त असेल, तर पुष्कळ सवलतींचा हक्क मिळतो. ती भीक नव्हे.

मंडळी, रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही. मग न सांगता शेजाऱ्याला कसे कळावे?

सांगा पाहू
१. गुरुजींनी न ऐकताच मान का हलवली?
२. कानात तेल घालून उपयोग का होत नाही?
३. तुमच्या घरी कोणाला कमी ऐकू येते किंवा कमी दिसते का? त्यांना कोणती मदत हवी, ते त्यांनाच विचारा आणि दोन ओळींत लिहून आणा.