त्याला पासवर्ड माहीत आहे ना?

अगं, खरं सांग, तुझ्या बीजीएमआय गेमचा पासवर्ड तुझ्याशिवाय किती जणांना माहीत आहे? एक तो, ज्याने मागच्या सीझनला तुझी रँक चढवून दिली. दुसरी ती मैत्रीण, जिला तुझा आउटफिट घालून एक तरी मॅच खेळायची होती. चुलतभावाला तर तू मोजतही नसशील, तो घरचाच. रागावत नाहीये मी. तुमच्या ग्रुपमध्ये पासवर्ड मागितला आणि नाही म्हटलं की लगेच “विश्वास नाही का?” असं येतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आईबाबांसमोर विषय न काढता तुझ्याशी बोलतेय.

ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावू का, की उगाच कटकट, असं तू विचारलं होतंस. लाव, आजच लाव. फक्त कुठे लावायचं ते नीट बघ, कारण सगळा घोळ तिथेच होतो. तू बीजीएमआय उघडतेस तेव्हा गूगलचं बटण दाबून आत जातेस. तुझ्या मैत्रिणी फेसबुकचं दाबतात. म्हणजे गेमचा असा वेगळा पासवर्ड तुझ्याकडे नाहीच. तू त्याला जो दिलास तो तुझ्या जीमेलचा पासवर्ड. त्याच जीमेलमागे तुझे फोटो आहेत, कॉलेजचे मेल आहेत, मॅपवर तू कुठे कुठे गेलीस त्याची नोंद असू शकते, आणि इन्स्टाचा पासवर्ड विसरलीस तर नवा लावायची लिंक तिथेच येते. त्याने काही पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण रँकसाठी दिलेल्या पासवर्डात हे सगळं जातं, हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं ना?

तर पहिलं काम, गूगलचा पासवर्ड बदल. मग गूगल अकाउंटच्या सुरक्षेच्या पानावर कोणकोणत्या फोनवर, लॅपटॉपवर तुझं खातं उघडं आहे ते दिसेल. ओळखीची नसलेली आणि ओळखीची असून नको असलेली, दोन्ही काढून टाक. त्यानंतर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून त्यात ऑथेंटिकेटर जोड. फेसबुकवर खातं असेल तर हेच सगळं फेसबुकमध्ये.

हे अ‍ॅप करतं काय, ते एकदा समजून घे, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. जोडताना तू जो क्यूआर स्कॅन करतेस त्यात एक गुप्त किल्ली असते. ती एक त्यांच्याकडे राहते आणि एक तुझ्या फोनमध्ये. मग दोन्हीकडे ती किल्ली आणि त्या क्षणाची वेळ यांचं गणित होतं आणि सहा आकडी कोड तयार होतो. तीस सेकंदांनी वेळ बदलली की कोडही बदलतो. फोनवर बाहेरून काही येतच नाही, त्यामुळे रेंज नसली, डेटा संपला, फोन विमान मोडवर असला तरी कोड दिसतो. गावी गेल्यावर ओटीपीसाठी गच्चीत जाऊन उभं राहावं लागतं, तसं इथे नाही. आणि आता कळलं असेल की त्या क्यूआरचा स्क्रीनशॉट का काढायचा नाही. तो ज्याच्याकडे गेला त्याच्या फोनवरही तुझेच कोड दिसायला लागतात.

एक गंमत सांगते. काही गेममध्ये एनर्जी भरायची वाट बघायला नको म्हणून पोरं फोनचं घड्याळ पुढे करतात. तूही करतेस, मी पाहिलंय. घड्याळ चुकलं की हे कोडही चुकतात, आणि मग “अ‍ॅप बिघडलंय” म्हणून ओरड. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेव, झालं.

“पण एसएमएस येतोच की,” असं म्हणशील. येतो, आणि काहीच नसण्यापेक्षा तो बरा. पण तो कुणाच्या नंबरवर येतो? तू आठवीत असताना खातं काढलंस तेव्हा बाबांचं दुसरं सिम दिलं होतंस. त्याचं रिचार्ज आता कोण करतं? बंद पडलेला नंबर निदान ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि तुझे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजायला लागतात. शिवाय लबाड लोक खोटी कागदपत्रं दाखवून दुसऱ्याच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढतात, हा प्रकार बँकेच्या फसवणुकीत तू ऐकलाच आहेस. अ‍ॅपची किल्ली सिममध्ये नसते, फोनमध्ये असते. सिम कुणाकडेही जाऊ दे.

आता स्टीमचं. लॅपटॉपवर काउंटर-स्ट्राइक खेळायला लागलीस म्हणून सांगते. तिथे गूगलचं ऑथेंटिकेटर चालत नाही, स्टीमचं स्वतःचं मोबाइल अ‍ॅप घ्यावं लागतं. त्यातलं स्टीम गार्ड अक्षरं आणि आकडे मिळून पाच जागांचा कोड देतं. अ‍ॅपमधली ही कोडची सोय २०१५ पासून आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात स्टीमवाल्या वाल्व कंपनीने जाहीर सांगितलं होतं की महिन्याला साधारण ७७,००० खाती चोरली आणि लुटली जातात, आणि त्यांत नवखेच नव्हे तर व्यावसायिक खेळाडू आणि मुरलेले व्यापारीही आहेत. कारण उघड आहे. गेममधल्या एकेका स्किनला हजारो रुपये मिळतात, तिथल्या काही सुऱ्यांचे भाव तर लाखांच्या घरात. म्हणून अ‍ॅप नसेल तर दुसऱ्याला दिलेली वस्तू स्टीम १५ दिवसांपर्यंत अडकवून ठेवतं, चोरी लक्षात यायला वेळ मिळावा म्हणून. अ‍ॅप असेल तर प्रत्येक व्यवहाराला फोनवर तुझी मंजुरी मागतं. ती मंजुरी देताना वाच गं, नुसतं हिरवं बटण दाबू नकोस. चोर एक युक्ती करतात. तुझ्या मित्राचंच नाव आणि त्याचाच फोटो लावलेलं दुसरं खातं उभं करतात, खरा सौदा रद्द करून तसाच दिसणारा आपला सौदा पुढे सरकवतात. समोरचा स्टीमवर कधीपासून आहे, लेव्हल किती, हे मंजुरीआधी पाहिलं तर सोंग उघडं पडतं.

या कंपन्यांनाही लोकांना हे लावायला लावताना किती नाकदुऱ्या काढाव्या लागल्या बघ. ब्लिझार्डने २००८ मध्ये कोड दाखवणारं किल्लीच्या जुडग्याला अडकवायचं छोटंसं यंत्र विकायला काढलं, आणि पुढे ते वापरणाऱ्याला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये दोन डोक्यांचं कुत्र्याचं पिल्लू बक्षीस दिलं. फोर्टनाइटने तर एक नाच फुकट दिला. बँकेने कधी कुणाला पिल्लू दिलंय? पण पोरांनी पिल्लासाठी का होईना लावलं, हे काय वाईट.

आता जे सांगायला बसले ते. अ‍ॅप लावलं म्हणजे तू सुटलीस असं नाही. कोड फोडत कुणी बसत नाही, तो तुझ्याकडूनच मागून घेतात. डिस्कॉर्डवर मेसेज येतो, “आमच्या टीमला व्होट कर ना, फायनलला आहोत.” लिंक उघडली की स्टीमसारखंच पान. तू पासवर्ड टाकतेस, ते कोड मागतं, तू तोही टाकतेस. पलीकडे तोच कोड तीस सेकंदांच्या आत खऱ्या स्टीमवर टाकला जातो. किंवा कुणीतरी घाबऱ्याघुबऱ्या लिहितं, “चुकून तुझ्या अकाउंटची तक्रार केली माझ्याकडून, या अ‍ॅडमिनशी बोल, नाहीतर बॅन होशील.” तो अ‍ॅडमिनही त्यांचाच. फुकट यूसीच्या, म्हणजे बीजीएमआयमधल्या पैशांच्या, लिंका तर तुझ्या शाळेच्या जुन्या ग्रुपवरही फिरतात. बहुतेकदा हा मेसेज अनोळखी माणसाचा नसतो. मैत्रिणीचं खातं आधी गेलेलं असतं आणि चोर तिच्या नावाने तुझ्याशी बोलत असतो. शंका आली तर तिथे उत्तर देऊ नकोस, तिला सरळ फोन लाव.

चीट आणि मॉड एपीके यांचंही तेच. फोनवर, लॅपटॉपवर तू आधीच लॉगिन असतेस. तो उघडा दरवाजाच चोरणारे प्रोग्राम या क्रॅक केलेल्या फायलींतून घुसतात आणि पासवर्ड किंवा कोड न विचारता आत जातात. तिथे ऑथेंटिकेटर बिचारं काय करणार.

आणि तो. हो, त्याच्याबद्दलच बोलतेय. उद्या तू पासवर्ड बदललास की तो विचारेल. दोन दिवस तोंड फुगवेल. कदाचित म्हणेल, “एवढ्या मॅच मी खेळून दिल्या, आता मी चोर?” तेव्हा भांडू नकोस, सफाईही देऊ नकोस. “ताईने लावून दिलंय, कोड माझ्याच फोनवर येतो” एवढंच सांग, वाईटपणा माझ्यावर ढकल. रँक चढवायचीच असेल तर शेजारी बसून खेळा दोघं. आणि एवढ्यावरून तो खरंच बिथरला, सारखा कोड मागत राहिला, मेसेज कुणाचे आले ते विचारायला लागला, तर मला सांग. मग ते गेमपुरतं नाही राहत.

एवढं करूनही खातं गेलं तर? मुली इथेच गप्प बसतात. घरी सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं, “कुणी सांगितलं होतं गेम खेळायला?” त्या भीतीने दिवस जातात आणि चोराला हवे असतात ते तेवढेच दिवस. तू लगेच गूगलच्या खऱ्याखुऱ्या रिकव्हरी पानावर जा, परत शिरता आलं की सगळीकडून लॉगआउट, नवा पासवर्ड, मग गेमच्या सपोर्टला कळव. खरेदीच्या पावत्या तुझ्या मेलमध्ये असतात, खातं तुझंच हे दाखवायला उपयोगी पडतात. पैसे गेले असतील तर १९३० ला फोन, जितका लवकर तितकं बरं. आणि कुणी “फोटो आहेत माझ्याकडे” म्हणून धमकावलं तर एक पैसा द्यायचा नाही, काही डिलीट करायचं नाही, चॅटचे स्क्रीनशॉट ठेवायचे आणि मला उठवायचं, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर बायकांच्या आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे, आपण मिळून भरू. आईला मी सांगेन.

दिवाळीत नवा फोन घेणार आहेस, तेव्हा हे आधीच कर. गूगल टू-स्टेप लावलं की दहा बॅकअप कोड देतं, एकेक एकदाच चालणारे. ते वहीत लिहून घे, गॅलरीत नको. गूगल ऑथेंटिकेटर २०२३ पासून कोड तुझ्या गूगल खात्यातही जपून ठेवू शकतं, पण गूगलमध्येच शिरता आलं नाही तर तिथे ठेवलेल्या किल्लीचा काय उपयोग, म्हणून कागद हवाच. स्टीमचा रिकव्हरी कोड वेगळा, इंग्रजी आर अक्षराने सुरू होणारा, तोही त्याच पानावर. जुना फोन हातात असतानाच सगळी खाती नव्यावर हलव, एकेक उघडून कोड चालतो का बघ. मग जुना रीसेट कर आणि खुशाल चुलतभावाला दे.