शिल्पकार जू मिंग

चीनच्या आग्नेय किनाऱ्यासमोर तैवान नावाचे बेट आहे. तेथील तुंगश्याव या गावी १९३८ साली जू मिंग यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी ते ली चिन-च्वान या काष्ठशिल्पकाराकडे उमेदवारी करू लागले. ली हे देवळांसाठी मूर्ती व नक्षी कोरीत. वस्त्राची चुणी, दाढीचा केस, नागाचा खवला, सारे लाकडात उमटलेच पाहिजे, अशी त्या कामाची रीत. जू मिंग त्यात निष्णात झाले.

पुष्कळांनी येथेच समाधान मानले असते. परंतु आपण कोरतो ते सारे पूर्वजांचे. त्यात आपले असे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. वयाच्या तिसाव्या वर्षी, १९६८ साली, ते यांग यिंग-फंग या आधुनिक शिल्पकाराचे शिष्य झाले. घरसंसार असलेल्या कसबी माणसाने पुन्हा विद्यार्थी व्हावे, ही गोष्ट सोपी नव्हे! आणि या गुरूंचा सल्ला तर चमत्कारिकच होता. शरीर व मन कणखर व्हावे म्हणून ताई ची शिका, असे त्यांनी सांगितले.

ताई ची ही चीनमधील युद्धकला होय. आपल्या आखाड्यात मल्ल शड्डू ठोकतो, तसा आवेश तीत दिसत नाही. हालचाली संथ आणि वर्तुळाकार असतात. यिन व यांग, म्हणजे मृदू व कठीण, स्थिर व चल, अशा दोन तत्त्वांच्या मेळातून विश्व चालते, असे चिनी तत्त्वज्ञान मानते. म्हणून समोरच्याचा जोर अडवावयाचा नाही, त्याला वाट देऊन वळवावयाचा. तुकोबांचे लव्हाळे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही.

१९७६ साली तैपेई येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात जू मिंग यांचे प्रदर्शन भरले आणि त्यांचा लौकिक झाला. त्यांच्या त्या काळच्या कामात गाडीला जुंपलेला रेडाही आहे. अलिबागजवळील सासवने येथे करमरकरांनी घडविलेली म्हैस पाहून जे थबकले असतील, त्यांना तो आपलासा वाटेल.

ताई चीची शिल्पे मात्र निराळी. ओंडका तंतूंच्या दिशेने फोडावयाचा आणि फुटलेला खडबडीत भाग तसाच ठेवावयाचा. चेहरा नाही, बोटे नाहीत. दाढीचा केस न् केस कोरणाऱ्या हाताने बोट कोरावयाचे नाकारले! मोठ्या शिल्पांसाठी ते थर्मोकोलसारख्या पदार्थाचे ठोकळे कापीत आणि त्यांवरून कांस्यात ओतकाम करवून घेत. हाँगकाँगच्या एक्स्चेंज स्क्वेअर या व्यापारी चौकात त्यांचे असे एक शिल्प आहे. ‘एकेरी चाबूक’ या पवित्र्याचे ते रूप. दुरून पाहणाऱ्यास तो कड्याचा तुटलेला तुकडा वाटावा. तरी तो मनुष्य आहे हे कळते, ते केवळ त्याच्या तोलावरून. वाकलेल्या गुडघ्यावर भार कसा येतो, हे नुसते पाहून पुरते उमगत नाही. ते पायालाच कळावे लागते. गुरूंच्या सल्ल्याचा अर्थ येथे लागतो.

१९९९ साली तैपेईच्या उत्तरेस चिनशान येथे जू मिंग यांनी स्वतःच्या शिल्पांचे संग्रहालय उघडले. २०२३ साली त्यांचे निधन झाले. तेथील डोंगरउतारावर ताई चीचे ते बिनचेहऱ्याचे योद्धे उघड्या आभाळाखाली, ऊनपावसात उभे आहेत.