दहावीनंतरची वाट : शाखानिवड आणि शैक्षणिक मार्गदर्शन

आपल्या शिक्षणव्यवस्थेत दहावीच्या परीक्षेला जे महत्त्व प्राप्त झाले आहे, ते केवळ तिच्यातील गुणांमुळे नव्हे. या टप्प्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याला असा एक निर्णय घ्यावा लागतो, की ज्याचे परिणाम पुढील अनेक वर्षे त्याच्यासोबत राहतात. कला, वाणिज्य की विज्ञान, तंत्रनिकेतन की औद्योगिक प्रशिक्षण संस्था, गणित ठेवावे की सोडावे, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक घरांत निकालानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, गुणपत्रिकेवरील टक्केवारी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला यांच्या आधारे दिली जातात. शिक्षण हा विषय 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आला. त्यामुळे या निवडीची चौकट काही अंशी केंद्राच्या धोरणाने आणि बऱ्याच अंशी राज्यांच्या परीक्षा मंडळांनी घडविलेली आहे. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी हा विषय शिक्षण आणि मनुष्यबळ विकास या दोन्ही अंगांनी अभ्यासणे आवश्यक आहे.

धोरणांचा प्रवास

विद्यार्थ्याला त्याच्या कुवतीनुसार वेगवेगळे मार्ग उपलब्ध असावेत, हा विचार स्वातंत्र्योत्तर काळात प्रथम ठळकपणे मांडला तो माध्यमिक शिक्षण आयोगाने (1952-53). डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली आणि मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला व गृहविज्ञान असे सात गट सुचविले. केवळ गट सुचवून आयोग थांबला नाही. प्रशिक्षित मार्गदर्शन अधिकारी आणि व्यवसाय-मार्गदर्शक शिक्षक यांच्या सेवा सर्व शिक्षणसंस्थांना टप्प्याटप्प्याने मिळाव्यात, असेही त्याने म्हटले होते. या दुसऱ्या शिफारशीकडे पुढे फारसे लक्ष गेले नाही. मार्ग अनेक आणि वाटाड्या एकही नाही, अशी स्थिती तेव्हापासूनच निर्माण झाली.

डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (1964-66) आणि त्यावर आधारित 1968 च्या राष्ट्रीय धोरणाने 10+2+3 या आकृतिबंधाचा पाया घातला. पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण आणि नंतर विविधीकरण, हे त्यामागील सूत्र होते. महाराष्ट्रात या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली परीक्षा 1975 मध्ये झाली. +2 हा टप्पा महाविद्यालयाची पूर्वतयारी एवढाच नसून अनेकांसाठी तो रोजगाराकडे नेणारा टप्पा ठरावा, अशी आयोगाची अपेक्षा होती. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती आकड्यांत मांडली. उच्च माध्यमिक स्तरावरील 10 टक्के विद्यार्थी 1990 पर्यंत आणि 25 टक्के विद्यार्थी 1995 पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळावेत, असे उद्दिष्ट ठरले. 1988 मध्ये त्यासाठी केंद्र पुरस्कृत योजनाही सुरू झाली. परंतु 1992 च्या सुधारित धोरणात तीच उद्दिष्टे अनुक्रमे 1995 आणि 2000 पर्यंत पुढे ढकलावी लागली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने या अपयशाची कबुली स्पष्ट शब्दांत दिली आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या (2012-17) अंदाजानुसार 19 ते 24 वयोगटातील भारतीय श्रमशक्तीपैकी 5 टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते. याच संदर्भात जर्मनीचे प्रमाण 75 टक्के आणि दक्षिण कोरियाचे 96 टक्के असे धोरणात नमूद आहे. व्यवसाय शिक्षण हे अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी असते, ही सामाजिक धारणा त्यामागील एक कारण होय. दुसरे कारण व्यवस्थेतील होते: व्यवसाय शाखेतून उत्तीर्ण झालेल्याला उच्च शिक्षणाचे दार बहुधा बंद असे. ज्या वाटेवरून परत फिरता येत नाही, त्या वाटेने आपले मूल पाठविण्यास पालक कचरतात, हे समजण्यासारखे आहे.

निवड की उपलब्धता?

शाखानिवडीची चर्चा करताना आपण गृहीत धरतो की विद्यार्थ्यापुढे सर्व पर्याय खुले आहेत आणि त्याने त्यांतून योग्य तो निवडायचा आहे. ग्रामीण भारतातील वस्तुस्थिती वेगळी आहे. 'असर 2023' या अहवालासाठी 26 राज्यांतील 28 ग्रामीण जिल्ह्यांत 14 ते 18 वयोगटाचे सर्वेक्षण करण्यात आले. त्यात अकरावी वा त्यापुढे शिकणाऱ्यांपैकी 55.7 टक्के विद्यार्थी कला व मानव्यविद्या शाखेत आढळले. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांकडे वळलेल्या मुलग्यांचे प्रमाण 36.3 टक्के, तर मुलींचे 28.1 टक्के होते. व्यवसाय प्रशिक्षण घेणारे सर्वेक्षित तरुणांत केवळ 5.6 टक्के होते.

हे आकडे केवळ आवडीनिवडीचे निदर्शक मानणे चुकीचे ठरेल. विज्ञान शाखेसाठी प्रयोगशाळा आणि पात्र शिक्षक लागतात. कला शाखा त्यामानाने कमी खर्चात सुरू करता येते. म्हणून जवळच्या उच्च माध्यमिक शाळेत तीच असते आणि विज्ञानासाठी तालुक्याच्या गावी जावे लागते. मुलाला एस.टी.ने वा सायकलने तेथे पाठविले जाते, मुलीच्या बाबतीत मात्र अंतर, सोबत आणि परतीची वेळ यांचा विचार आधी होतो. शिवाय बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 6 ते 14 वयोगटापुरता असल्याने अकरावीच्या खर्चाला त्याचे संरक्षण नाही. 2008 मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती नववी ते बारावीसाठी वार्षिक 12,000 रुपये देऊ करते. मात्र अकरावीत ती चालू राहण्यासाठी दहावीत 60 टक्के गुणांची अट आहे (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्क्यांची सवलत). 2018 च्या समग्र शिक्षा योजनेत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये बारावीपर्यंत नेण्याची तरतूद झाली, तिचे महत्त्व या दृष्टीने पाहावयास हवे.

मार्गदर्शनाचे स्वरूप

मार्गदर्शन म्हणजे विद्यार्थ्याला 'तू अमुक हो' असे सांगणे नव्हे. त्यात तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो: त्याला काय आवडते, म्हणजे अभिरुची, त्याला काय जमू शकेल, म्हणजे अभिक्षमता, आणि आजवर त्याने काय साध्य केले आहे, म्हणजे संपादणूक. आपल्याकडे तिसऱ्या गोष्टीलाच, म्हणजे गुणांनाच, पहिल्या दोहोंचा पुरावा मानले जाते. विज्ञानात 90 गुण मिळाले याचा अर्थ विज्ञानाची आवड आहे असा होत नाही. पाठांतरावर भर देणाऱ्या परीक्षेत तर तो मुळीच होत नाही.

महाराष्ट्रात 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी घेण्यात आली. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशी तिची क्षेत्रे होती. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ यांनी नववी-दहावीसाठी 'तमन्ना' ही अभिक्षमता चाचणी तयार केली. भाषिक, संख्यात्मक, यांत्रिक, अवकाशीय अशा सात क्षमता ती तपासते. तिच्यात उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नाही आणि तिच्या निष्कर्षावरून विद्यार्थ्यावर कोणताही विषय लादावयाचा नाही. चाचणीचा अहवाल हातात आल्यावर त्याचा अर्थ समजावून सांगणारी व्यक्ती शाळेत नसेल, तर पालक त्यातील सर्वांत उंच स्तंभाकडे पाहून निर्णय घेतात आणि चाचणीचा हेतूच बाजूला राहतो. श्रम मंत्रालयाने 2015 मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा सुरू केली, तिच्याबाबतही हेच म्हणता येईल. माहितीचा तुटवडा पूर्वीइतका राहिलेला नाही, ती वाचून दाखविणारा माणूस दुर्मीळ आहे.

उलट दिशेने विचार

व्यवहारात सर्वांत उपयोगी पडणारी रीत म्हणजे शाखेपासून सुरुवात न करता पुढील अभ्यासक्रमापासून मागे येणे. अभियांत्रिकी पदवीच्या संयुक्त प्रवेश परीक्षेसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित आवश्यक असते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भूदलासाठी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी पात्र असतो, परंतु वायुदल व नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या विशेष पदवीसाठी गणित हवे असते, ही गोष्ट कला शाखेच्या अनेक हुशार विद्यार्थ्यांच्या फार उशिरा लक्षात येते. याउलट पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम आणि सनदी लेखापाल परीक्षेचा पाया स्तर यांना कोणतीही शाखा चालते. नागरी सेवा परीक्षेला तर कोणत्याही विषयातील पदवी पुरते. प्रशासकीय सेवेत जायचे आहे म्हणून अकरावीतच कला शाखा घेतली पाहिजे, ही समजूत निराधार आहे.

यावरून एक गोष्ट दिसते. सर्व विषय सारख्याच वाटा उघडत वा बंद करीत नाहीत, गणिताचे वजन त्यांत सर्वाधिक आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2019-20 पासून दहावीसाठी प्रमाणित आणि मूलभूत असे गणिताचे दोन स्तर आणले. मूलभूत स्तर निवडणाऱ्याला मूळ नियमानुसार अकरावीत गणित घेता येत नव्हते. नंतर या अटीत सवलती दिल्या गेल्या आणि 2020-21 पासून उपयोजित गणित हा पर्यायही खुला झाला. तरीही दहावीनंतरचा निर्णय प्रत्यक्षात कधी निकालाआधीच होऊन जातो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. मार्गदर्शन निकालानंतर नव्हे, तर आठवी-नववीपासून सुरू व्हावे असे शिक्षणतज्ज्ञ म्हणतात, ते यासाठीच.

काही बंद दारे अलीकडे किलकिली झाली आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये, बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेल्यांना वैद्यकीय प्रवेश परीक्षेस बसण्याची मुभा दिली. दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेण्याची सोय जुनीच आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळविलेल्यालाही ठरावीक अटींवर पदविकेकडे जाता येते. शिवाय 2016 च्या करारानुसार राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत त्याला बारावीची समकक्षता मिळविता येते. 2013 ची राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आणि 2023 ची राष्ट्रीय श्रेयांक चौकट यांचा उद्देशच मुळी या वेगवेगळ्या जिन्यांना जोडणाऱ्या पायऱ्या बांधण्याचा आहे.

शिकवणी वर्गांचा उल्लेखही येथे टाळता येत नाही. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवसभर हजेरी शिकवणी वर्गात, ही पद्धत महानगरांपासून जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पोहोचली आहे. अशा ठिकाणी शाखेची निवड विद्यार्थी करीत नसून शिकवणीचे वेळापत्रक करते. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार 16 वर्षांखालील विद्यार्थ्यांना शिकवणी केंद्रांत प्रवेश देता येत नाही. अंमलबजावणी मात्र राज्यांच्या हाती आहे.

नव्या आराखड्यात काय बदलेल?

ऑगस्ट 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कला, वाणिज्य, विज्ञान या कप्पेबंद शाखांऐवजी विषयगटांची कल्पना मांडली आहे. अकरावी-बारावीत विद्यार्थ्याने दोन भाषा घ्याव्यात व त्यांपैकी किमान एक भारतीय असावी. उरलेले चार विषय तीन गटांपैकी किमान दोन गटांतून निवडावेत: कला, शारीरिक शिक्षण व व्यवसाय शिक्षण; सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या; विज्ञान, गणित व संगणकीय विचार. इतिहासासोबत भौतिकशास्त्र वा गणितासोबत संगीत घेणे त्यामुळे तत्त्वतः शक्य होईल. केंद्रीय मंडळाच्या नियमांत असे मिश्रण पूर्वीही मना नव्हते. अडत असे ते शाळेच्या वेळापत्रकाशी आणि शिक्षकसंख्येशी. ज्या उच्च माध्यमिक शाळेत एकच शाखा आणि चार-पाच शिक्षक आहेत, तेथे गटांची मुभा कागदावरच राहील. 2020 च्या धोरणाने शाळासंकुलांची जी कल्पना मांडली आहे, तिच्यात परिसरातील शाळांनी विषयशिक्षक, प्रयोगशाळा आणि समुपदेशक परस्परांत वाटून वापरावेत असे अपेक्षित आहे. एकशाखीय शाळेतील विद्यार्थिनीला भौतिकशास्त्राचा शिक्षक मिळेल की नाही, हे त्या संकुलातील दोन शाळांमधील अंतरावर आणि तेथे पोहोचविणाऱ्या वाहनावर अवलंबून राहणार आहे.