घटक १ : मुक्त विद्यापीठातील पहिले वर्ष आणि मराठीचा विद्यार्थी

१.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला अभ्यासाच्या वेळेचा हिशेब मांडता येईल, घरची बोली आणि प्रमाण मराठी यांतील नाते स्पष्ट करता येईल आणि मूळ साहित्यकृतीकडे थेट वळता येईल.

१.२ प्रास्ताविक



भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील खेड्यातून पुण्याला शिकायला येतो. वसतिगृह, खाणावळ, नवे मित्र या सर्वांत तो काही काळ रमतोही. परंतु अखेर शिक्षण अर्धवट सोडून गावी परततो. नव्या जागी विद्यार्थ्याचे रुजणे आणि न रुजणे इतक्या जवळून दाखवणारी दुसरी मराठी कादंबरी चटकन आठवत नाही.

तुमची स्थिती पांडुरंगापेक्षा वेगळी आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी गाव सोडलेले नाही. १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली, तीच मुळी शिक्षण घरापर्यंत नेण्यासाठी. मात्र घरी राहून शिकणाऱ्याची अडचण निराळी असते. तुम्ही विद्यार्थी झाला आहात, हे घरातल्यांना दिसतच नाही. सकाळची बस नाही, तासाची घंटा नाही, हजेरी नाही. पुस्तक घेऊन बसलेल्या सुनेला ‘रिकामी आहेस ना, मग जरा इकडे ये’ असे कोणीही सहज म्हणते. म्हणून या पहिल्या वर्षात आपले विद्यार्थी असणे आधी घरात प्रस्थापित करावे लागते.

१.३ वेळेचा हिशेब

मुक्त व दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास असे मानतात. त्यात वाचन, स्वाध्याय, संपर्कसत्रे हे सारे आले. चार श्रेयांकांच्या एका अभ्यासक्रमाला १२० तास लागतात. एका सत्रात असे पाच अभ्यासक्रम असतील, तर ६०० तास होतात. सहा महिन्यांच्या २६ आठवड्यांवर ते वाटले, तर आठवड्याला सुमारे २३ तास, म्हणजे दिवसाला तीन तासांहून थोडे अधिक. नोकरी किंवा शेती सांभाळून हे सोपे नाही. पण हा आकडा कागदावर लिहून घरच्यांपुढे ठेवा. ‘मला थोडा वेळ द्या’ म्हणण्यापेक्षा ‘पहाटे पाच ते सात माझे’ असे म्हणणे अधिक उपयोगी पडते. पेरणी, सुगी, लग्नसराई, दिवाळी या दिवसांत तास मिळणार नाहीत, हे धरूनच वेळापत्रक आखा.

१.४ घरची बोली आणि पुस्तकाची मराठी

संपर्कसत्रात काही विद्यार्थी पहिले दोन-तीन महिने तोंडच उघडत नाहीत. उत्तर येत नसते असे नाही. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ बाहेर पडेल आणि कोणी हसेल, ही भीती असते. पदवीचे शिक्षण सुटण्यामागे अशी न बोललेली लाज कितीदा असते, याचा विचार आपण फारसा करत नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याने तरी बोलीला ‘अशुद्ध’ म्हणू नये. बोली म्हणजे बिघडलेली प्रमाणभाषा नव्हे. तिला स्वतःचे नियम असतात. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तसाच ‘काळा’चा ‘काया’ होतो. स्वरांमधल्या ‘ळ’च्या जागी ‘य’ येण्याचा हा प्रकार पुष्कळ शब्दांत दिसतो. याला चूक कसे म्हणावे? बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची घरच्या बोलीतली गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि आज ती विद्यापीठांत अभ्यासली जातात. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील माणसे वऱ्हाडीत बोलतात. ते संवाद प्रमाण मराठीत बदलून पाहिले, तर कौतिक ही कौतिक राहणार नाही.

तरीही उत्तरपत्रिका प्रमाण मराठीतच लिहायची आहे. तुमचे उत्तर वाचणारा परीक्षक कोकणातला असेल किंवा मराठवाड्यातला. दोघांना सामाईक अशी लेखनाची भाषा हवी, एवढाच प्रमाणभाषेचा अधिकार आहे. ती सवयीने येते. आठवड्याला शुद्धलेखनाचा एकच नियम घ्या. उदाहरणार्थ, शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार मराठीत सामान्यतः दीर्घ लिहितात : कवी, गती, गुरू.

१.५ मूळ कृतीचे वाचन

बारावीपर्यंत अपेक्षित प्रश्नसंचावर निभावून नेलेले असते. येथे आधी मूळ कृती वाचा, मग तिच्याविषयीचे लेखन. ‘लीळाचरित्र’ पहिल्या वाचनात निम्मेच कळले तरी थांबू नका, मोठ्याने वाचा. एखादा अनोळखी वाटणारा शब्द आजीच्या तोंडी असल्याचे ध्यानात येते.

१.६ क्षेत्रीय कार्य

घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीला तिच्या लहानपणीच्या एखाद्या सणाविषयी दहा मिनिटे बोलू द्या. ते बोलणे जसेच्या तसे, उच्चारांसह लिहून काढा. त्याखाली तोच मजकूर प्रमाण मराठीत लिहा. कोणते पाच शब्द प्रमाण मराठीत आणता आले नाहीत, त्यांची नोंद करा आणि पुढील संपर्कसत्रात ती मोठ्याने वाचून दाखवा.