शाळेबाहेरचा आधार : विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

‘विशेष शैक्षणिक गरजा’ हा शब्दप्रयोग आता आपल्या शासन निर्णयांत आणि बी.एड.च्या पाठ्यपुस्तकांत रुळला आहे. तो रूढ झाला इंग्लंडमध्ये. मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ साली अहवाल सादर केला. मुलांची त्यांच्या दोषांनुसार वर्गवारी करण्याची जुनी रीत या अहवालाने बाजूला सारली आणि शिकण्यासाठी या मुलाला काय लागेल, हा प्रश्न पुढे आणला. त्याच अहवालात आणखी एक सूचना होती. तिच्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. प्रत्येक पालकाला सल्ल्यासाठी एक ठरावीक व्यक्ती नेमून द्यावी, अशी ती सूचना होती. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही व्यक्ती सहसा मुख्याध्यापक असावी, असे समितीला वाटले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापुढचा भाग अधिक बोलका वाटतो. ज्या शाळेबद्दल तक्रार आहे, तिच्याच प्रमुखाकडे सल्ला मागायचा, ही अडचण दृष्टिआड होणारी नव्हती. २०१४ च्या कायद्याने तेथील स्थानिक प्राधिकरणांवर पालकांना माहिती व सल्ला पुरविण्याची जबाबदारी टाकली आणि पाठोपाठ आलेल्या आचारसंहितेने ही सेवा निःपक्षपाती व प्राधिकरणापासून अलिप्त असावी, असे बजावले. खर्च प्राधिकरणाचा, पण सल्लागार पालकाचा, अशी ही रचना आहे. ती तेथेही सर्वत्र नीट चालते असे नाही. परंतु तिच्यामागचे तत्त्व आपण समजून घेण्याजोगे आहे. शाळा कितीही सद्हेतूने वागली तरी विशेष शिक्षक नेमण्याचा, वेळ काढण्याचा, निकालाची टक्केवारी सांभाळण्याचा भार तिच्यावरच असतो. अशा वेळी तिचा सल्ला खरा असला तरी तो एका बाजूचा असतो.

निवासी शाळेत ही गोष्ट अधिक तीव्र होते. येथील पालक ऊसतोडीवर असतात, वीटभट्टीवर असतात, शहरात रोजंदारीवर असतात. दिवाळीत आणि उन्हाळ्यात मूल घरी येते, तेवढाच सहवास. मुलाला वाचता का येत नाही, फळ्यावरचे उतरवून घेताना अक्षरे का उलटतात, हाक मारली तरी ते का पाहत नाही, याचे साक्षीदार वर्गशिक्षक आणि वसतिगृहाचे अधीक्षक एवढेच असतात. पालकाला जे कळते ते आमच्या तोंडून. तीस वर्षे या पेशात असलेला मी शिक्षकच हे लिहीत आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. आमचे ऐकावे; पण केवळ आमचेच ऐकू नये.

याचा परिणाम काय होतो, ते एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगतो. मुलगा नववीत. तोंडी उत्तरे चोख, पण लेखी परीक्षेत कोरा कागद. शाळेने वडिलांना बोलावून घेतले. ‘दाखला काढून घ्या, दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरा, मुलाचे वर्ष वाचेल,’ असे अगदी आपुलकीने सांगितले. वडिलांनी अंगठा उमटवला. दाखल्यावर कारण पडले ‘पालकाच्या विनंतीवरून’. त्या खोलीत मुख्याध्यापक होते, लिपिक होते, दोन शिक्षक होते. वडिलांच्या बाजूने बसलेले कोणी नव्हते. मुलाची अध्ययन अक्षमतेच्या दृष्टीने तपासणी झाली आहे काय, हा एकच प्रश्न कोणी विचारला असता, तर चर्चेला निराळे वळण लागले असते.

त्या प्रश्नाला कायद्याचे पाठबळ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले. १९९५ च्या कायद्यात ते ७ होते. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांना या यादीत स्थान मिळाले. शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थांनी अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि त्यानुसार अध्यापनाची योजना करावी, असे कलम १६ सांगते. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलती कलम १७ मध्ये आहेत. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ ने दिला. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत दाखला हाती देण्याची घाई का होते, त्याचे उत्तर येथे सापडते.

इंग्लंडसारखी एकच सल्लासेवा आपल्याकडे नाही. दारे आहेत, पण ती निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत आणि कोणते दार कशासाठी, हे पालकाला कोणी सांगत नाही.

पहिले दार तपासणीचे. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र मूल आठ वर्षांचे झाल्यावर मिळते. मुंबईत शीव, नायर, केईएम या सार्वजनिक रुग्णालयांत ही तपासणी होते. अन्यत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. खासगी केंद्रांबाबत एक सावधगिरी सांगणे भाग आहे. जे केंद्र निदान करते तेच उपचाराचे वर्षभराचे शुल्क घेत असेल, तर त्याचाही सल्ला स्वतंत्र म्हणता येणार नाही. शाळेच्या दाबातून सुटून दुकानाच्या दाबात सापडण्यात काय मिळवले? तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. ते शासनाचेच, पण तुमच्या शाळेचे नोकर नव्हेत. एवढे अंतरही पुष्कळदा कामी येते.

दुसरे दार विधी सेवेचे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, बालके, दिव्यांग व्यक्ती, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत कायदेविषयक साहाय्याला पात्र आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. म्हणजे आपल्यापैकी एखादी आई दिव्यांग मुलासाठी गेली, तर ती एक नव्हे, अनेक कारणांनी पात्र ठरते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, तालुका समिती तालुका न्यायालयात. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीही करता येतो. वकील म्हटले की खटला, अशी आपली समजूत असते. तेथे केवळ सल्ला घेता येतो, अर्ज लिहून घेता येतो.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती महत्त्वाची. तिच्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या बरोबरीने एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. मूल अठरा वर्षांचे झाल्यानंतरच्या कायदेशीर पालकत्वाचा प्रश्न येथेच सुटतो.

अन्याय झाल्यास दिव्यांग व्यक्तींसाठीच्या राज्य आयुक्तांकडे, पुण्याला, लेखी तक्रार करता येते. साक्षीदाराला बोलावण्याचे, कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. शिक्षण हक्काचा भंग असेल, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे.

तक्रारीने काय साधते, अशी शंका घेणाऱ्यांसाठी २०२१ चे उदाहरण पुरेसे आहे. लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला नीट परीक्षेच्या मुंबईतील केंद्रावर हक्काचा जादा एक तास नाकारला गेला. उच्च न्यायालयात दिलासा मिळाला नाही. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालाने फेरपरीक्षा दिली नाही, हे खरे. पण झालेला अन्याय कसा दूर करता येईल, याचा विचार करणे परीक्षा घेणाऱ्या संस्थेला भाग पाडले आणि हे हक्क परीक्षा केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या मर्जीवर सोडता येणार नाहीत, हे स्पष्ट झाले.

या सर्वांहून जवळचा आधार मात्र दुसऱ्या पालकाचा. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, ती आपल्या मुलीसाठी योग्य शाळा मिळेना म्हणून. ‘परिवार’ या नावाने पालकसंघटनांचा राष्ट्रीय महासंघ आहे. अध्ययन अक्षमतेसाठी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन आहे. ज्या आईने प्रमाणपत्रासाठी चार खेपा घातल्या आहेत, तिला कोणत्या खिडकीवर कोणता कागद मागतात, हे कोणत्याही अधिकाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

आता आपल्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यात वकील आहेत, परिचारिका आहेत, ग्रामसेवक आहेत, शिक्षक तर पुष्कळच आहेत. आपल्या गावातील एखाद्या पालकाला शाळेने बोलावले असेल, तर त्याच्यासोबत जाऊन बसावे. भांडायला नव्हे. आपण ज्या शाळेत नोकरी करतो, त्या शाळेच्या पालकासोबत मात्र जाऊ नये. तेथे आपणही एक बाजू होतो. जाण्याआधी मुलाच्या दोन जुन्या वह्या, गुणपत्रके आणि डॉक्टरांचे कागद एका पिशवीत घालून घ्यावेत. बैठकीत कमी बोलावे, पालकाला बोलू द्यावे. तो अडखळला तर प्रश्न पुन्हा मांडावा. कोण काय म्हणाले ते तारखेसह लिहावे. ‘दाखला’, ‘विनंती’, ‘स्वेच्छेने’ यांपैकी कोणताही शब्द असलेल्या कागदावर त्या दिवशी सही किंवा अंगठा होऊ देऊ नये. कागद घरी वाचायला मागावा. आणि मुलाच्या तपासणीसाठीचा अर्ज दोन प्रतींत नेऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय शाळेच्या फाटकाबाहेर पडू नये.