पेटीला दोन कुलपे

२०११ साली सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या तंतूची तार नेण्याची योजना मंजूर केली. तिला पुढे 'भारतनेट' हे नाव मिळाले. अशा तारेतून इंटरनेट येते. ते घरातल्या मोबाइलना वाटून देणाऱ्या पेटीला राऊटर म्हणतात. ही पेटी नवी आणली तर काय करावे?

आधी जागा ठरवा. पेटी घराच्या मधोमध, उंच फळीवर ठेवा. पत्र्याच्या कपाटात किंवा पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवू नका. पत्रा आणि पाणी तिच्या लहरी अडवतात. काचेची तार फार वाकवू नका, ती मोडते. तिच्या टोकाला डोळा लावून पाहू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

तार जोडून झाली की बटण दाबा. दोन-तीन मिनिटे दम धरा. दिवे लुकलुकतात, मग स्थिर होतात.

आता पेटी उलटी करून पाहा. खाली चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर वायफायचे नाव आणि परवलीचा शब्द असतो. मोबाइलच्या वायफायमध्ये ते नाव शोधा व शब्द घालून जोडा. चिठ्ठीवर एक पत्ताही असतो. पुष्कळ पेट्यांवर तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत लिहा. पेटीचे पान उघडेल.

येथे दोन कुलपे लावायची. पहिले कुलूप या पानाचे. याची किल्ली पुष्कळदा कारखान्यातूनच 'ॲडमिन' अशी ठेवलेली असते. ती साऱ्या जगाला ठाऊक आहे. म्हणून ती आधी बदला. दुसरे कुलूप वायफायचे. तेथे 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' निवडा. नवा शब्द निदान बारा अक्षरांचा असावा. घरच्यांचे नाव किंवा मोबाइल नंबर नको. दोन्ही किल्ल्या वेगळ्या ठेवा. वायफायचा शब्द बदलला की मोबाइल तुटतो. घाबरू नका, नवा शब्द घालून पुन्हा जोडा.

एका घरी सासरे म्हणाले, "सूनबाई, एवढी कुलपं कशाला? आपल्या घरात चोरायला आहे तरी काय?"

सून म्हणाली, "मामंजी, चोर आपलं नेणार नाही, आपलं नाव वापरील. आपल्या वायफायवरून कुणी लबाडी केली, तर चौकशी आपल्याच दारी येईल."

सुनेचे खरे होते. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरच्या काही लाख राऊटर व कॅमेऱ्यांचा ताबा घेतला. कारखान्यातल्या नेहमीच्या किल्ल्या तो एकेक करून लावून पाही. ज्यांनी किल्ली बदलली नव्हती, त्यांची यंत्रे त्याला सापडली. त्यांच्याकरवी त्याने अमेरिकेतील एका कंपनीवर हल्ला केला आणि मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. मालकांना मात्र याचा पत्ताच नव्हता.

किल्ल्या वहीत लिहा आणि वही पेटीत जपून ठेवा. किल्ली विसरली, तर राऊटरच्या मागे बारीक भोक असते. त्यात टाचणी घालून सुमारे दहा सेकंद दाबा. राऊटर पहिल्यासारखा कोरा होतो. तार जोडणाऱ्याने घातलेली माहितीही त्यात पुसली जाते. तेव्हा त्याला विचारूनच हे करा. मग दोन्ही कुलपे पुन्हा लावा.

सांगा पाहू :
१. राऊटर पाण्याच्या पिंपाजवळ का ठेवू नये?
२. दोन कुलपे कोणती?
३. तुमच्या घरच्या राऊटरची किल्ली बदलली आहे काय?